ग्राहकाचा नंबर विक्रेत्याने खासगी मेसेजसाठी वापरला. वरिष्ठ म्हणतात, 'वैयक्तिक मामला आहे'. मी काय करू?

काउंटरपलीकडून

मी एका मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स दालनात ग्राहक सेवेच्या काउंटरवर बसते. दुकान कुठलं, गाव कुठलं हे लिहिणार नाही आणि कृपया कुणी विचारूही नये. ज्या बाईंबद्दल लिहितेय त्यांची ओळख इथून कुणाला पटता कामा नये.

त्यांनी आमच्याकडून फ्रिज घेतला. घरपोच हवा म्हणून फॉर्म भरला: नाव, मोबाइल, पूर्ण पत्ता, कितवा मजला, लिफ्ट आहे का, सामान उतरवून घ्यायला घरी कोण असेल, किती वाजता. हे सगळं विचारावंच लागतं, त्याशिवाय गाडी पाठवता येत नाही. फ्रिज पोचला त्या संध्याकाळी त्यांना अनोळखी नंबरवरून मेसेज आला, "मॅडम, फ्रिज नीट चालू आहे ना?" दुकानातूनच असेल म्हणून त्यांनी "हो, धन्यवाद" असं कळवलं. मग आलं, "डीपी छान आहे तुमचा." याला त्यांनी उत्तर दिलं नाही. मग रात्री उशिरा, "झोपलात का?" आणि दुसऱ्या दिवशी, "तुम्ही एकट्याच राहता ना? फॉर्मवर दुसऱ्या कुणाचं नाव नव्हतं म्हणून विचारलं."

हे शेवटचं वाक्य वाचून त्या दुकानात आल्या. आवाज चढवला नाही, कुणाला बोलल्या नाहीत. फोन माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "हा माणूस तुमच्याकडचा आहे ना? त्याच्याकडे माझा पत्ता आहे. आणखी कुणाकुणाकडे आहे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंबर मी ओळखला, आमच्याच फ्लोअरवरच्या विक्रेत्याचा आहे. फ्लोअर मॅनेजरांना सांगितलं तर ते म्हणाले, मुलगा चांगला आहे, टार्गेट वेळेवर पूर्ण करतो, चार मेसेजसाठी एवढं काय, त्यांना म्हणावं ब्लॉक करा. मी ऐकत नाही असं दिसल्यावर म्हणाले, "त्याला फोन करून सॉरी म्हणायला लावतो." म्हणजे पुन्हा त्याच माणसाने त्याच बाईंना फोन करायचा! तेवढं मी सध्या थांबवून धरलंय.

तेव्हापासून मी आमच्याकडे ग्राहकाचा नंबर कुठून कुठे जातो ते बघतेय. चौकशीचं रजिस्टर काउंटरवर उघडं पडलेलं असतं. पुढचा माणूस आपलं नाव लिहिताना वरच्या दहा जणांचे नंबर वाचू शकतो. बिलिंगच्या स्क्रीनवर कुणीही नुसतं आडनाव टाकलं की पूर्ण पत्ता आणि नंबर समोर येतो, आणि सगळे एकाच लॉगिनने बसतात. डिलिव्हरीच्या चलनाचा फोटो रोज व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला जातो. त्या ग्रुपमध्ये लोडर आहेत, विक्रेते आहेत, आणि नोकरी सोडून गेलेली माणसंही अजून आहेत, त्यांना कुणी काढलेलंच नाही.

त्या बाईंनी नंबर दुकानाला दिला होता, फ्रिज घरी यावा म्हणून. त्या माणसाला दिला नव्हता. माझ्या दृष्टीने हा आमच्या दुकानाचा प्रश्न आहे, त्या दोघांमधला नाही. पण हे वरच्यांना कोणत्या शब्दांत सांगू म्हणजे ते ऐकतील? आणि त्या बाईंना आज, आत्ता काय सांगू?

सरळरेषा

तुमचा राग समजतो. पण एक बाजू मांडतो. मेसेजमध्ये शिवी नाही, धमकी नाही. तरुण पोरगा आहे, कुणी आवडलं तर बोलायचा प्रयत्न करतात माणसं. लेखी तक्रार गेली तर नोकरी जाईल त्याची. आधी तोंडी समज देऊन बघता येणार नाही का?

निशिगंध

सरळरेषा, तुम्ही प्रामाणिकपणे विचारलंय म्हणून तसंच उत्तर देते. माझ्या बाबतीत अगदी हेच झालं आहे, वस्तू वेगळी होती एवढंच.

कुणी आवडलं तर समोर असताना विचारता येतं, आणि नाही म्हटलं की तिथे संपतं. इथे विचारायची पाळीच आली नाही. त्या माणसाने तिचा फॉर्म वाचून घरात दुसरं कोणी नाही असा हिशोब केला आणि तो हिशोब तिला कळवला. धमकीचा शब्द नाही, कबूल. पण ते वाचल्यावर दाराची कडी दोनदा तपासावी लागते. आमच्या घरी तर जिन्यात पाऊल वाजलं तरी मी टीव्हीचा आवाज बंद करायची.

"ब्लॉक करा" म्हणणाऱ्यांना आणखी एक गोष्ट लक्षात येत नाही. नंबर ब्लॉक होतो, पत्ता ब्लॉक होत नाही. आणि फ्रिज काही एका दिवसाचा व्यवहार नाही. वॉरंटी असते, कॉम्प्रेसरची तर पुष्कळ वर्षांची. काही बिघडलं की त्याच दुकानाला फोन, तिथूनच कुणीतरी घरी येणार. मी तर बिघडलेली वस्तू तशीच ठेवून दिली, दुरुस्तीला फोनच केला नाही. नंबर बदला म्हणणं सोपं आहे, पण बँक, ऑफिस, मुलांची शाळा, डॉक्टर, सगळं त्याच नंबराला बांधलेलं असतं. चूक त्याची, आणि आयुष्य तिने बदलायचं?

काउंटरपलीकडून ताई, मला तेव्हा माफी नको होती. माहिती हवी होती. माझा नंबर आणि पत्ता त्याच्या फोनमधून खरंच काढला का, आणि ते कुणी बघितलं? त्याने तो आणखी कुणाला दिला का? यापुढे माझ्या घरी येणारा माणूस कोण असेल, त्याचं नाव मला आधी कळेल का? मॅनेजरनी मला 'मॅडम, तुमच्या भावना समजतात' असं बराच वेळ ऐकवलं, यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. तुम्ही त्या बाईंना यातलं एक जरी उत्तर लेखी मिळवून दिलंत तरी फार मोठं काम होईल.

आणि तो माफीचा फोन काही झालं तरी होऊ देऊ नका.

दुकानदारी

विक्रीत माझी बरीच वर्षं गेली, पुढे विक्रेत्यांच्या टीम सांभाळल्या. हे का होतं ते आतल्या बाजूने सांगतो, कारण एका पोराला काढून टाकलं की प्रश्न मिटला असं वरच्यांना वाटेल आणि तो मिटणार नाही.

विक्रेत्याला टार्गेट असतं आणि फॉलोअप कर म्हणून मागे तगादा असतो. पण फॉलोअप कशावरून करायचा? बहुतेक ठिकाणी दुकान फोन देत नाही. मग तो स्वतःच्या फोनमध्ये नंबर घालतो, 'फ्रिज डबल डोअर मॅडम' अशा नावाने. एकदा तो त्याच्या फोनबुकात गेला की त्याच्या खासगी मेल खात्यावर आपोआप चढतो, मेसेजिंग अॅपमध्ये उमटतो, तिथे फोटो दिसतो, स्टेटस दिसतं. चौकशीला आलेली बाई आणि त्याची मावशी एकाच यादीत. रात्री अकरा वाजता फोन चाळताना दोघी सारख्याच अंतरावर असतात. वाईट वागणं त्याचंच, त्याची जबाबदारी मी कमी करत नाही. पण ती यादी त्याच्या खिशात दुकानाने ठेवली.

याच फटीतून दुसरी गोष्टही होते आणि मालकांना तीच आधी समजते, म्हणून सांगून ठेवतो. विक्रेता नोकरी सोडतो तेव्हा ही यादी त्याच्याबरोबर जाते. पुढच्या महिन्यात तुमच्या ग्राहकांना समोरच्या दुकानातून फोन, "सर, मी आता इकडे आलोय, तुमच्यासाठी चांगली ऑफर आहे." बाईंच्या भीतीने जो मालक हलत नाही तो याने हलतो. दुःखाची गोष्ट आहे, पण तुम्हाला बदल हवा असेल तर दोन्ही सांगा. पत्त्यांच्या याद्या भाड्याने देण्याच्या धंद्यात तर यादीत मुद्दाम काही बनावट नावं घालून ठेवायची जुनी पद्धत आहे. त्या नावाने पत्र आलं की यादी कुठून फुटली ते कळतं. दुकानालाही हे करता येतं, प्रत्येक शाखेच्या यादीत एक स्वतःचाच नंबर वेगळ्या नावाने घालून.

करण्यासारखं बरंच आहे आणि त्यातलं पुष्कळसं फुकट आहे. रजिस्टर बंद करून सुट्या चिठ्ठ्या वापरा, चिठ्ठी लगेच खणात. प्रत्येकाला वेगळं लॉगिन. हे पहिल्या दिवशी व्हायला हवं, कारण एकाच लॉगिनमुळे कुणी काय बघितलं ते कधीच सिद्ध होत नाही. बिलिंग स्क्रीनवर नंबराचे शेवटचे चार आकडे पुरतात. फॉलोअपसाठी दुकानाचा फोन, दुकानाचं सिम, रात्री कुलपात. लोडरला पत्ता लागतो, ग्राहकाचा नंबर लागत नाही. तो फक्त गाडीवरच्या एकाकडे, त्या दिवसापुरता. थोडे पैसे घालायची तयारी असेल तर टॅक्सीच्या अॅपमध्ये असते तशी मधल्या नंबरची सोय घेता येते. दोघं बोलतात, पण एकमेकांचा खरा नंबर कुणालाच दिसत नाही.

तोंडी समज देण्याबद्दल. मी टीमा सांभाळताना पाहिलंय की असा माणूस क्वचितच एकीलाच मेसेज करतो. बाकीच्या काउंटरपर्यंत आलेल्या नसतात एवढंच. त्यामुळे चौकशी त्याने विकलेल्या सगळ्या बिलांची व्हायला हवी, एका तक्रारीची नाही. आणि ग्राहकांना फोन करून "आमच्या माणसाने त्रास दिला का" असं विचारायचं नाही. "खरेदीनंतर दुकानाकडून किंवा कर्मचाऱ्याकडून काही संपर्क झाला का" एवढंच विचारायचं, आणि ते काम एखाद्या समजूतदार बाईकडे द्यायचं.

विदाराखण

मी विदा (म्हणजे डेटा) संरक्षणाचं काम करते, म्हणून कायद्याची बाजू. तपशील देशागणिक वेगळे आहेत, पण गाभा सगळीकडे तोच: माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरायची.

युरोपियन युनियनमध्ये २५ मे २०१८ पासून जीडीपीआर, म्हणजे तिथला विदा संरक्षणाचा कायदा, लागू आहे. त्यात कर्मचाऱ्याने ग्राहकाची माहिती स्वतःच्या कामासाठी वापरली की त्या वापरापुरता तो स्वतंत्र जबाबदार ठरतो. पण म्हणून दुकान सुटत नाही, माहिती सुरक्षित ठेवायची जबाबदारी दुकानाचीच. असा प्रकार हा विदाभंग असू शकतो, आणि ज्याची माहिती गेली त्याला धोका पोचण्याची शक्यता असेल तर दुकानाला कळल्यापासून ७२ तासांत नियामकाला कळवावं लागतं. धोका मोठा असेल तर त्या व्यक्तीलाही. एकटी राहते हे ताडलेल्या बाईचा पत्ता अशा माणसाच्या हातात असणं हा धोका मोठा नाही असं कुणी मला पटवून दाखवावं.

ब्रिटनमध्ये २०१८ च्या विदा संरक्षण कायद्याचं १७० वं कलम थेट त्या माणसावर लागू शकतं: मालकाच्या संमतीशिवाय जाणूनबुजून ग्राहकांची माहिती मिळवणं किंवा उघड करणं हा गुन्हा आहे, शिक्षा दंडाची. तिथल्या माहिती आयुक्त कार्यालयाने २०२३ मध्ये या विषयावर पाहणी केली होती. १८ ते ३४ वयोगटातल्या सुमारे ३० टक्के लोकांनी सांगितलं की कामासाठी एखाद्या व्यवसायाला दिलेली माहिती वापरून त्यांच्याशी नको असलेला खासगी संपर्क केला गेला. सरळरेषा, 'एखादा पोरगा' असा हा विषय नाही.

भारतात डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. त्या कायद्यात, सातव्या कलमाखाली, एक उदाहरणच दिलंय: एक बाई औषधाच्या दुकानात खरेदी करते, पैसे मिळाल्याची पोच मोबाइलवर पाठवा म्हणून नंबर देते, दुकानाने तो पोच पाठवण्यासाठी वापरायचा. हे उदाहरण छापून मॅनेजरांच्या टेबलावर ठेवा. शिवाय भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमात, बाईने स्पष्ट अनिच्छा दाखवल्यावरही पुरुषाने पुन्हा पुन्हा संपर्क साधणं हा पाठलागाचा गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद.

म्हणून त्या बाईंना आज सांगायचं ते असं. मेसेज पुसू नका. नंबर आणि तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, आणि ते फोनबाहेर, मेलवर किंवा विश्वासातल्या माणसाकडे ठेवा. मग त्याला एकच वाक्य पाठवा: "मला पुन्हा संपर्क करू नका." कारण द्यायचं नाही, वाद घालायचा नाही. त्याचंही चित्र घ्या आणि मगच ब्लॉक करा. आधीच ब्लॉक केलं तर नकार कळवल्याचा पुरावा राहत नाही. प्रोफाइल फोटो फक्त स्वतःच्या संपर्कांना दिसेल अशी सेटिंग करा. दुकानाला लेखी विचारा की माझी कोणती माहिती तुमच्याकडे आहे, ती कुणाला दिली आणि कधी कधी उघडली गेली. तो घराजवळ दिसला तर दुकानाची वाट न बघता थेट पोलीस.

उघडली गेली त्याच्या नोंदींबद्दल एक निकाल सांगते. फिनलंडमधल्या एका बँकेच्या ग्राहकाने, माझं खातं कर्मचाऱ्यांनी कधी आणि कशासाठी बघितलं, असं विचारलं होतं. युरोपियन युनियनच्या न्यायालयाने २२ जून २०२३ रोजी सांगितलं की तारखा आणि कारण कळण्याचा हक्क ग्राहकाला आहे. मालकाच्या सूचनेनुसार काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांची नावं मात्र, हक्क बजावायला अत्यावश्यक असल्याशिवाय, द्यावी लागत नाहीत. तुमच्या प्रकरणात नाव त्या बाईंना आधीच माहीत आहे. त्यांना कळायला हवं ते बाकीचं, आणि एकाच लॉगिनने सगळे बसत असतील तर दुकान ते सांगूच शकणार नाही. ही कबुली लेखी घ्या. वरच्यांना हलवायला त्याहून मोठा मुद्दा मला दिसत नाही.

वरच्यांना लिहिताना 'गैरवर्तन' हा शब्द दुसऱ्या ओळीत ठेवा. पहिल्या ओळीत लिहा: "ग्राहकाची माहिती कर्मचाऱ्याकडून अनधिकृतपणे वापरली गेल्याची नोंद करत आहे." गैरवर्तन म्हटलं की ते फ्लोअर मॅनेजरकडेच परत येतं. माहितीचा गैरवापर म्हटलं की मुख्यालयाला उत्तर द्यावं लागतं. मेल फ्लोअर मॅनेजरांना, आणि त्याच वेळी एचआरला व तक्रार निवारण अधिकाऱ्यांना.

सरळरेषा

फॉर्म वाचून हिशोब केला, हे मी त्या नजरेने पाहिलं नव्हतं. निशिगंध, धन्यवाद. तोंडी समजेचं मी मागे घेतो. एक शंका मात्र खरीच आहे: काउंटरवरच्या ताईंची नोकरी? त्याची वाचेल आणि यांची जाईल असं नको व्हायला.

दुकानदारी

योग्य शंका. म्हणून मेलमध्ये मत लिहू नका, फक्त घटना: अमुक वेळी ग्राहक आल्या, अमुक दाखवलं, अमुक तारखेला फ्लोअर मॅनेजरांना सांगितलं, त्यांचं उत्तर असं. ग्राहकांची तक्रार नोंदवणं हेच तुमचं काम आहे, तेच तुम्ही केलंत. ग्राहकांचे स्क्रीनशॉट स्वतःच्या खासगी मेलवर मात्र घेऊ नका, नाहीतर तुम्हीच माहिती बाहेर नेली म्हणतील. तुम्ही पाठवलेल्या मेलवर तक्रार क्रमांक मागा, आणि तो क्रमांक टिपून ठेवा.

काउंटरपलीकडून

सगळ्यांचे मनापासून आभार. निशिगंध, तुमचे प्रश्न मी जसेच्या तसे त्या बाईंना वाचून दाखवले, नाव न घेता. त्या म्हणाल्या, "हेच मला विचारायचं होतं, शब्द सापडत नव्हते." त्यांनी एका ओळीचा नकार पाठवून स्क्रीनशॉट घेतलेत, बहिणीकडे ठेवलेत आणि मग ब्लॉक केलंय.

मेल गेला. विदाराखण यांनी सांगितलेली पहिली ओळ जशीच्या तशी. फ्लोअर मॅनेजर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत, पण मुख्यालयातून संध्याकाळच्या आत फोन आला आणि पहिला प्रश्न होता, "लॉगिन एकच आहे म्हणजे काय?" त्या विक्रेत्याला चौकशी होईपर्यंत ग्राहकांपासून आणि बिलिंगपासून दूर ठेवलंय. माफीचा फोन रद्द. दुरुस्तीसाठी त्या बाईंकडे जाणाऱ्या माणसाचं नाव आधी कळवायचं, हे मी लेखी मागितलंय, अजून उत्तर नाही. ते आल्याशिवाय मी ही तक्रार बंद होऊ देणार नाही.

रजिस्टर मी स्वतःच उचलून खणात ठेवलं. त्याला कुणाची परवानगी लागली नाही.

एक विचारायचं राहिलं. डिलिव्हरीचा तो व्हॉट्सअॅप ग्रुप उद्या डिलीट करा असा आदेश आलाय. करू ना?

विदाराखण

उद्या नको. आधी सदस्यांची पूर्ण यादी, कोण कधी सामील झालं ते दिसतंय तेवढं, आणि त्या बाईंच्या चलनाचा फोटो कुणी टाकला तो मेसेज, हे मुख्यालयाच्या सांगण्यावरून त्यांच्याच सिस्टिममध्ये जतन करू द्या. सोडून गेलेल्यांना मात्र आजच काढा. आणि आदेश देणाऱ्यांना कळवा की ग्रुप डिलीट केल्याने प्रत्येकाच्या फोनमध्ये आधीच उतरलेले फोटो जात नाहीत. ते प्रत्येकाला गॅलरीतून पुसायला सांगून तसं लेखी घ्यावं लागेल, सोडून गेलेल्यांकडूनसुद्धा.